चौकोनातले बसणे : धाराशिवच्या खो-खो शिबिरातील दहा दिवस

प्रवासाचा दिवस

लांज्याहून सकाळी सहाच्या एसटीने आम्ही तिघी निघालो : आमच्या क्रीडाशिक्षिका, पाचवीपासून माझ्याबरोबर खेळणारी माझी मैत्रीण आणि मी. अकरावीची परीक्षा संपली होती, बागेत आंबा उतरवण्याचे काम ऐन भरात होते आणि घरातला एक माणूस दहा दिवस कमी होणार म्हणून आजी नाराज होती. तरी निघताना भाजलेल्या काजूगरांची पुडी तिनेच माझ्या पिशवीत घातली. मे महिन्यातले हे निवासी खो-खो शिबिर धाराशिवला होते. राज्य स्पर्धांच्या बातम्यांत मुलींच्या गटात धाराशिवचे नाव आम्ही लहानपणापासून वाचत आलो होतो, त्यामुळे तिथल्या मैदानावर खेळायला मिळणार, एवढ्यावरच मी आई-बाबांकडे दोन महिने हट्ट धरला होता.

दाभोळे आणि साखरपा मागे टाकून गाडी आंबा घाटाला लागली. घाट चढून मलकापूर आले आणि तिथून उसाचे पट्टे सुरू झाले. कोल्हापूरला गाडी बदलली. मिरजेच्या पुढे जमीन सपाट होत गेली, सांगोल्याच्या आसपास डाळिंबाच्या बागा सोडल्या तर हिरवे काही दिसेना, आणि बेगमपूरला भीमेचा पूल ओलांडताना पात्रात पाण्यापेक्षा वाळूच अधिक होती. सोलापुरात दुसऱ्यांदा गाडी बदलून, तुळजापूरमार्गे, रात्री दहाच्या सुमारास आम्ही धाराशिवला उतरलो. दिवसभर खिडकीबाहेर पाहताना मला सतत जाणवत होते ते मातीचे बदलणे. आमच्याकडील जांभ्याची तांबडी, खरखरीत माती घाटापलीकडे तपकिरी झाली आणि सोलापूर येईपर्यंत काळी. ज्या खेळात मातीशी इतका जवळचा संबंध येतो, त्या खेळाच्या शिबिराला जाताना हे पाहणे मला महत्त्वाचे वाटत होते.

पहिला दिवस

पहाटे सव्वापाचला शिट्टी झाली. मैदानावर गेलो तर तिथे एकही रेघ नव्हती. प्रशिक्षक सरांनी फीत, दोरी आणि फक्कीची बादली आमच्यापुढे ठेवली आणि मैदान आम्हीच आखायचे, असे सांगितले. आमच्या शाळेत मैदान पावलांनी मोजून, काठीने रेघा ओढून तयार होत असे, त्यामुळे खरे माप मी प्रथमच हाताने मोजले : २७ मीटर लांबी, १६ मीटर रुंदी, दोन्ही टोकांना जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंचीचा एकेक खांब, दोन खांबांना जोडणारी ३० सेंटिमीटर रुंदीची मधली पाटी आणि तिला छेदणाऱ्या आठ आडव्या पाट्या. या पाट्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे ३० सेंटिमीटरचा चौकोन तयार होतो आणि पाठलाग करणाऱ्या संघाच्या आठ खेळाडूंनी त्या आठ चौकोनांत बसायचे असते. फक्की टाकताना तो चौकोन मला फार लहान वाटला. माझी दोन्ही पावले त्यात जेमतेम मावत होती.

त्यानंतर सरांनी सर्वांचा खेळ पाहण्यासाठी एक सामना लावला. आमच्या तालुक्यात मी पळतीची, म्हणजे पाठलाग चुकवत पळण्याची, खेळाडू म्हणून ओळखली जाते. त्या सकाळीही मी पावणेदोन मिनिटे पळती केली आणि सर माझे कौतुक करतील अशी मला मनातून खात्री होती. सामना संपल्यावर त्यांनी एक जाडजूड वही उघडली. त्यांनी माझी पळती एका ओळीत नोंदवली होती, आणि आक्रमणात चौकोनात बसले असताना माझ्याकडून झालेल्या चुका वेगळ्या रकान्यात मोजल्या होत्या. नऊ मिनिटांच्या पाळीत सात चुका.

"बाळा, तू पळतेस चांगली," ते म्हणाले, "पण तुला बसता येत नाही. पाच दिवस तू पळायचं नाहीस. फक्त बसायचं."

मला रडू आले. एवढ्या लांब येऊन बसायचे, हे मला त्या क्षणी अन्यायाचे वाटले आणि रात्री मी बाईंकडे तसे बोलूनही दाखवले. बाईंनी माझे सगळे ऐकून घेतले आणि उद्या पहाटे वेळेवर उठ, एवढेच सांगितले.

दुसरा दिवस

खो-खोमध्ये पळणाऱ्याला बसलेल्या खेळाडूंच्या मधून कुठूनही पलीकडे जाता येते. पाठलाग करणाऱ्याला मात्र मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा धरलेली दिशा दोन खांबांच्या दरम्यान बदलताही येत नाही. मी हे नियम दहा वर्षे पाळत आले होते, पण त्यांचा अर्थ त्या सकाळी सरांनी मैदानावर उभे राहून समजावला तेव्हा माझ्या लक्षात आला. पळणारी मुलगी एका पावलात बाजू बदलते आणि पाठलाग करणारीचा मार्ग तिथे संपतो. त्यापुढचा पाठलाग त्या बाजूकडे तोंड करून बसलेल्या मुलीलाच करायचा असतो. आठ जणी आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, त्या यासाठीच. म्हणजे बसलेली प्रत्येक मुलगी हा पाठलागाचाच थांबलेला भाग असतो, आणि ती उठायला अर्ध्या क्षणाने चुकली तर पाठलाग तिथे तुटतो.

माझ्या सात चुका तीन प्रकारच्या होत्या. पाठीला हात लागला, पण 'खो' हा शब्द उच्चारला जाण्याआधीच मी उठत होते. उठण्याच्या घाईत बसल्या जागीच माझे मागचे पाऊल चौकोनाबाहेर सरकत होते. तिसरी चूक नियमाच्या दृष्टीने चूक नव्हती, तरी सरांनी ती सर्वांत गंभीर मानली होती : खो मिळणार असे वाटले की माझा खांदा आधीच त्या दिशेला झुकत होता आणि समोरून पळणाऱ्या मुलीला मी कुठे जाणार ते आधीच समजत होते.

सकाळचे दोन तास आणि संध्याकाळचे दोन तास मी बसले आणि उठले. बसण्याच्या दोन पद्धती तिथे शिकवल्या गेल्या. एकीत दोन्ही चवडे एका रेषेत ठेवतात, दुसरीत एक पाऊल पुढे आणि दुसरे मागे चवड्यावर ठेवून, धावपटू शर्यतीच्या सुरुवातीला बसतो तसे बसतात. मला दुसरी पद्धत सोयीची पडली, कारण तिच्यात उठण्यासाठी लागणारा जोर मागच्या पायात आधीच साठलेला असतो. नंतर डोळ्यांवर ओढणी बांधून बसवले गेले. मागून कोणीतरी धावत येई. कधी खो देई, कधी नुसता हात लावून पुढे जाई, कधी काहीच न करता बाजूने निघून जाई. मी फक्त हात आणि शब्द दोन्ही एकत्र मिळाले तरच उठायचे होते. पहिल्या वीस प्रयत्नांत मी अकरा वेळा चुकले. रात्री वसतिगृहाचा जिना उतरताना मांड्या इतक्या दुखत होत्या की मला कठडा धरून एकेक पायरी उतरावी लागली.

तिसरा दिवस

या दिवसाविषयी लिहिण्यासारखे आहे ते ऊन. कोकणात मे महिन्यात अंग सतत ओले असते, कपडे चिकटतात आणि घाम गेला हे कळते. धाराशिवला सकाळी आठ वाजताच ऊन चटके देऊ लागले, पण अंग कोरडे. मला वाटले, आपल्याला घाम येतच नाही, म्हणून मी पाणीही कमी प्यायले. साडेआठच्या सुमारास डोळ्यांपुढे अंधारी आली. माझ्या शेजारच्या चौकोनात बसणाऱ्या इथल्याच मुलीने मला सावलीत नेले आणि माझ्या बाहीवर उमटलेली मिठाची पांढरी रेघ बोटाने दाखवली.

"घाम लई जातो इथं, फक्त दिसत नाही," ती म्हणाली. "दिसायच्या आधीच वाळतो. तहान लागायची वाट बघू नको."

तिने मला मीठ-साखर घातलेले लिंबाचे पाणी दिले आणि त्या दिवसापासून दर वीस मिनिटांनी ती स्वतः पाणी पिताना मलाही हाक मारू लागली. तिला सगळ्या जणी ताई म्हणत, कारण ती आमच्याहून दोन वर्षांनी मोठी होती आणि राज्य स्पर्धा खेळून आली होती. मीही म्हणू लागले. दुपारच्या जेवणात ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आमटी आणि ताक असे. भाताशिवाय पोट भरल्यासारखे वाटत नाही अशी माझी समजूत होती, ती चौथ्या भाकरीला गेली.

चौथा आणि पाचवा दिवस

सरांनी मला आठव्या चौकोनात, म्हणजे खांबाच्या लगत बसवले. ही जागा साधी नसते. पळणारी मुलगी खांबाच्या आसऱ्याने वळते, खांबापलीकडच्या मुक्त क्षेत्रात पाठलाग करणारीलाही दिशा बदलता येते, आणि खांबाजवळ बसलेल्या मुलीला खो मिळाला तर तिच्याजवळ अंतर असते अवघे दोन-तीन पावलांचे. तेवढ्यात एकतर खांबावर सूर मारून गडी टिपायचा, नाहीतर खांब ओलांडून पुन्हा मागे फिरायचे. खांबावरचा सूर म्हणजे एका हाताने खांब धरून, त्याच्या आधाराने संपूर्ण शरीर हवेत लांबवून दुसऱ्या हाताने समोरच्या खेळाडूला स्पर्श करणे. आमच्याकडे खडकाळ मैदानावर अंग सोलवटते म्हणून कोणी सूर मारत नसे. इथे मैदानाची माती चाळलेली होती आणि संध्याकाळी तिच्यावर पाणी मारले जाई. तरी दोन दिवसांत माझी दोन्ही कोपरे सोलली.

ताईने मला एक गोष्ट दाखवली, जी मी कुठेही वाचलेली नव्हती. ती बसली असताना समोर पाहत असे, पण तिचे लक्ष मागच्या पावलांकडे असे. पाठलाग करणारी मुलगी खो द्यायच्या आधी पाऊल आखडते. लांब टांगा संपून दोन छोटी पावले पडतात आणि मग हात येतो. खो न देता पुढे जाणार असेल तर पावलांची लय बदलत नाही. मी पाचव्या दिवशी संध्याकाळभर केवळ ही पावले ऐकत बसले. काळजाचे ठोके एवढे मोठे होते की सुरुवातीला मला दुसरे काही ऐकूच येईना. हळूहळू श्वास खाली बसला, आणि दिवेलागणीच्या सुमारास मला पहिल्यांदा ती दोन छोटी पावले वेगळी ऐकू आली. मी जागची हलले नाही, खांदाही झुकू दिला नाही; हात पाठीवर पडला, 'खो' ऐकू आला आणि मी सरळ खांबावर झेपावले. माझ्या मैत्रिणीच्या दंडाला माझी बोटे लागली. त्या दिवशी वहीत माझ्या नावापुढे तीन हा आकडा होता.

सहावा दिवस

सकाळी सराव नेहमीप्रमाणे झाला. संध्याकाळी धुळीचे वादळ आल्यामुळे आम्हाला सभागृहात बसवून सरांनी या खेळाची हकिकत सांगितली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम प्रथम लेखी स्वरूपात बांधायला घेतले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. २०१६ मध्ये गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या मुली सुवर्णपदक जिंकल्या तेव्हा कर्णधार होती याच धाराशिवची सारिका काळे, आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. हे सांगताना सरांचा आवाज बदलला होता. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, तिच्या अंतिम सामन्यात प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असे हरवले. तो सामना आम्ही लांज्यात पंधरा-वीस जणींनी एका मोबाइलवर पाहिला होता. सरांनी त्याच सामन्याचे काही क्षण पडद्यावर पुन्हा दाखवले आणि आम्हाला पळणाऱ्यांकडे न पाहता केवळ बसलेल्यांकडे पाहायला सांगितले. मी हा सामना जानेवारीत पाहिला तेव्हा बसलेली एकही मुलगी माझ्या लक्षात राहिली नव्हती. आता पाहिले तर प्रत्येकीचा खांदा सरळ होता.

सातवा दिवस

रविवार असल्याने सराव नव्हता. पहाटे आम्ही सर्व जणी तुळजापूरला दर्शनाला गेलो. देवळात पायऱ्या उतरून खाली जावे लागते, आणि सहा दिवसांच्या उठाबशांनंतर त्या पायऱ्या माझ्या मांड्यांना चांगल्याच जाणवल्या. गोमुख तीर्थाच्या पाण्याने पाय धुतले, रांगेत उभ्या राहिलो, आईच्या ओटीचे नारळ-खण देवीला वाहिले. दुपारी परत येऊन झोपले ती थेट पाच वाजता उठले.

आठवा दिवस

पाच दिवसांची बंदी संपली होती आणि सरांनी मला पुन्हा पळायला परवानगी दिली. मला वाटले होते की मी आधीपेक्षा वेगाने पळेन, तसे काही झाले नाही. पण पळताना मला वेगळेच दिसू लागले होते. साखळी खेळत, म्हणजे बसलेल्यांच्या मधून नागमोडी जाताना, कोणाचा खांदा झुकला आहे, कोणाची टाच उचलली गेली आहे, कोण खोची वाट पाहून थकली आहे हे मला स्पष्ट दिसत होते, कारण या सगळ्या चुका मी स्वतः केल्या होत्या. जी झुकली असेल तिच्या पाठीमागच्या बाजूने मी जात असे. त्या सकाळी माझी पळती दोन मिनिटे वीस सेकंद झाली.

संध्याकाळी सभागृहात मॅट अंथरून सराव झाला. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात, त्यामुळे ही सवय हवीच. मॅटवर बूट घालावे लागतात, सूर मारताना अंग सोलत नाही, मात्र मातीवर कानाला मिळणारी पावलांची खूण तिथे फार पुसट होते. मी दोनदा चुकले.

नववा दिवस

शिबिरातील मुलींचे चार संघ पाडून साखळी सामने सुरू झाले. सकाळचा सामना आम्ही एक डाव आणि दोन गुणांनी जिंकलो; संध्याकाळचा चुरशीचा होता, पण तोही आमच्या बाजूने लागला. मी, माझी मैत्रीण आणि पुण्याची एक मुलगी अशी आमची पळतीची तिसरी तुकडी होती. ताई दुसऱ्या संघात होती आणि तिचा संघही दोन्ही सामने जिंकला होता.

दहावा दिवस

अंतिम सामना सकाळी सातला सुरू झाला. मैदान आम्हीच आखले, नाणेफेक आम्ही जिंकलो आणि आक्रमण घेतले. पहिल्या पाळीत आमचे फक्त सहा गुण झाले, कारण ताईने एकटीने जवळजवळ तीन मिनिटे पळती केली. ती गोलात, म्हणजे बसलेल्यांभोवती गोल फिरत, खेळत राहिली आणि आमच्यापैकी कोणालाच तिच्या जवळ जाता येईना. त्यांनी आमचे आठ गडी बाद केले. मध्यंतराला आम्ही सहा-आठ असे मागे होतो.

दुसऱ्या डावातील आमचे आक्रमण हा दहा दिवसांतील माझा सर्वांत चांगला खेळ होता. मी आठव्या चौकोनात बसले होते. ताईची तुकडी मैदानात असताना मला तीन वेळा खो मिळाला; पहिल्या दोन वेळा ती खांब वळून निसटली, तिसऱ्या वेळी ती मला बघून चकवा देण्यासाठी डावीकडे झुकली, पण मी आधी कुठेच झुकलेली नसल्याने तिला माझी दिशा कळली नव्हती, आणि खांबावरच्या सुरात माझा हात तिच्या पाठीला लागला. आठ मिनिटे होत असताना त्यांचे नऊही गडी बाद झाले होते आणि पहिली तुकडी पुन्हा मैदानात आली होती. आमचे एकूण पंधरा गुण होते.

दहावा गडी अगदी माझ्यासमोर खांबाजवळ अडकला होता. मागून ती दोन छोटी पावले आली, पाठीला हात लागला आणि मी उठले. शब्द माझ्या उठण्यानंतर आला. पंचांची शिट्टी वाजली, पाठलागाला उलटी दिशा घ्यावी लागली आणि तेवढ्यात ती मुलगी दुसऱ्या खांबापर्यंत पोहोचली. उरलेल्या वेळात आम्हाला आणखी गडी मिळाला नाही.

त्यांना जिंकायला आठ गुण हवे होते. आमच्या पहिल्या दोन तुकड्या बाद झाल्यावर आम्ही तिघी मैदानात उतरलो. पुण्याची मुलगी एक मिनिट दहा सेकंद शिल्लक असताना बाद झाली आणि गुण समसमान झाले. मैत्रिणीने आणि मी साखळी धरली. चाळीस सेकंद राहिले असताना ताईला खो मिळाला आणि तिने सूर मारून माझ्या मैत्रिणीला टिपले. सोळा-पंधरा. मी तोवर बाद झाले नव्हते, आणि मैदानाच्या मधोमध उभी होते.

ताई धुळीतून उठून आधी माझ्या मैत्रिणीकडे गेली, तिला लागले नाही ना हे तिने पाहिले, आणि मग तिने आम्हा दोघींना जवळ घेतले. पुढल्या वर्षी राज्य स्पर्धेत समोरासमोर येऊ, असे ती म्हणाली आणि तिचा शब्द मी मनात धरून ठेवला आहे.

दुपारी निघण्यापूर्वी सरांनी प्रत्येकीला आपले पान दाखवले. माझ्या रकान्यात सातपासून सुरू झालेले आकडे होते. मध्ये एकदा आठही झाले होते, पाचव्या दिवशी तीन, मॅटवर दोन, आणि शेवटच्या ओळीत एक. त्या एकापुढे त्यांनी वेळ लिहिली होती : आठ मिनिटे वीस सेकंद. मी त्या पानाचे छायाचित्र काढून घेतले. बाहेर बाई रिक्षा थांबवून उभ्या होत्या. सोलापूरची गाडी चारला होती.